मनोरुग्णालयात दाखल करताना: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. शनिवारी दुपारी कोथरूडात आम्हा शुभंकरांचा, म्हणजे आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांचा, गट भरतो. तिथे आणि माझ्या व्हॉट्सॲपवर इतकी वर्षं तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नियम सांगितलेत ते मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधले. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एखादा शब्द टोचला तर टोचू द्या.

१. सायकॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर. आधी कोणाकडे जायचं?

सायकॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, मानसोपचार करतो, औषध लिहीत नाही. काउन्सेलर या शब्दाची या कायद्यात व्याख्याच नाही, त्यामुळे पाटीवर तो कोणीही लावू शकतो आणि लावतातही. माणूस दोन रात्री झोपलेला नाही, भिंतीशी बोलतोय, अशा वेळी काउन्सेलिंगच्या सहा सिटिंगचं पॅकेज घेऊ नका. सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे जा. पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा विभाग आहे, येरवड्याच्या मनोरुग्णालयातही ओपीडी आहे. नुसतं कुठे जायचं एवढंच विचारायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, फोन चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

२. फाइलवर 'सायकोसिस एनओएस' लिहिलंय. म्हणजे वेड लागलं का हो?

'एनओएस'चा अर्थ इतकाच की लक्षणं सायकोसिसची आहेत, पण नेमकं कोणतं नाव द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या दहाव्या आवृत्तीत याला एफ २९ म्हणतात. स्किझोफ्रेनिया एफ २०, बायपोलर एफ ३१, दारूमुळे होणारे मनोविकार एफ १०. पहिल्याच भेटीत एफ २० न लिहिता एफ २९ लिहिणारा डॉक्टर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो. स्किझोफ्रेनिया म्हणायला लक्षणं किमान महिनाभर दिसावी लागतात.

सायकोसिस हे आजाराचं नाव नाही. वास्तवाशी धागा तुटलेल्या अवस्थेचं ते नाव आहे. तीव्र डिप्रेशनमध्ये, बायपोलरच्या उन्मादात, गांजाने, बाळंतपणानंतरही ती येऊ शकते.

३. भास आणि भ्रम एकच ना? आणि 'इनसाइट नाही' म्हणजे काय?

एकच नाहीत. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून शिव्या देताहेत असं ऐकू येतं, आणि काकू दोन महिन्यांपासून मुलाकडे न्यू जर्सीत आहेत, हा भास. काकूंनी पंख्यात कॅमेरा बसवलाय अशी खात्री पटलेली असते आणि पंखा उघडून दाखवला तरी ती हलत नाही, हा भ्रम. भास इंद्रियांचा असतो, भ्रम विचारांचा. भ्रमाशी वाद घालून तो जात नाही. आम्ही तीन पंखे उघडले आहेत.

इनसाइट म्हणजे आपल्याला काही झालंय याची जाणीव. ती नसणं हा बहुतेक वेळा आजाराचाच भाग असतो. हट्ट नव्हे. पण 'इनसाइट नाही' एवढ्यावरून कोणाला दाखल करता येत नाही. त्यासाठी प्रश्न ५ आणि ७ पाहा.

४. मानसिक आजार आहे असं कागदावर आलं की त्याची सही चालत नाही का? फ्लॅट दोघांच्या नावावर आहे.

चालते. कलम ३ सांगतं की मानसिक आजार असला म्हणजे माणूस 'विकल मनाचा' ठरत नाही. तसं फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती पाठच करून ठेवावी: पूर्वी उपचार झाले होते किंवा दाखल केलं होतं, एवढ्यावरून आज आजारी आहे असं म्हणता येत नाही. तसंच घरच्यांच्या नीतीत, धर्मात, जातीत कोणी बसत नाही म्हणून तो मनोरुग्ण ठरत नाही. आंतरजातीय लग्न करणाऱ्या मुलीला 'तपासून घ्या' म्हणणारे फोन मला अजून येतात. ते मी तिथेच ठेवते.

५. सगळे 'कपॅसिटी' 'कपॅसिटी' म्हणतात. ती मोजतात कशी?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा. जुन्या विचारात प्रश्न असायचा 'हा वेडा आहे का?' या कायद्याचा प्रश्न वेगळा आहे: 'आपल्या उपचाराबद्दल हा आज निर्णय घेऊ शकतो का?'

कलम ४ तीन गोष्टी बघतं. सांगितलेली माहिती त्याला समजते का? हो किंवा नाही म्हटलं तर काय होईल याचा अंदाज येतो का? आणि आपलं म्हणणं तो बोलून, खुणेने, कसंही पोचवू शकतो का? माहिती त्याच्या भाषेत, त्याला कळेल अशी द्यायची असते, लागलं तर चित्र काढूनही.

दोन बारकावे. कपॅसिटी आज नसेल आणि चार दिवस औषध पोटात गेल्यावर असेल, म्हणून ती पुन्हा पुन्हा तपासायची असते. आणि आपल्याला निर्णय चुकीचा वाटला म्हणून कपॅसिटी नाही असं होत नाही. 'ही गोळी घेतली की माझं वजन वाढतं, मला दुसरी द्या' म्हणणारा माणूस अगदी सक्षम आहे. कटकट्या असेल, पण सक्षम.

६. भाऊ स्वतःच यायला तयार आहे. मग मी कुठे सही करू?

कुठेच नाही. सही त्याची. कलम ८६ मध्ये याला स्वतंत्र प्रवेश म्हणतात आणि शक्यतो प्रवेश असाच व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. वय १८ पूर्ण हवं, दाखल करण्याइतका आजार हवा, दाखल होण्याचा हेतू त्याला कळलेला हवा आणि विनंती त्याच्या मनाने केलेली हवी.

आमच्याकडे दुसऱ्या वेळी हे असंच झालं. पहिल्या वेळी 'लोणावळ्याला चिक्की आणायला जाऊ' सांगून गाडीत घातला होता. त्यानंतर वर्षभर तो माझ्या गाडीत बसला नाही. दुसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता म्हटलं, पंधरा दिवस राहायचंय, मी रोज पाचला येईन. तो गप्प बसला. मग कपबशी विसळून पालथी घातली आणि चप्पल पायात सरकवली. रुग्णालयात फॉर्म घेतला, क्लार्कने लिहिलेल्या आमच्या आडनावातला ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि मग सही केली. डॉक्टर म्हणाले, कपॅसिटीचा याहून चांगला पुरावा मला नको.

७. तो यायला तयार नाही. जबरदस्तीने ठेवता येतं का?

येतं, पण अटी कडक आहेत. कलम ८९ मधला हा सहाय्यित प्रवेश.

अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा (कोण, ते प्रश्न ९ मध्ये). दोघांनी रुग्णाला वेगवेगळं तपासायचं: एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक (जसा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) किंवा डॉक्टर. तपासणी प्रवेशाच्या दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. दोघांनी एकाच खोलीत बसून एकाच कागदावर सह्या ठोकल्या तर ते स्वतंत्र तपासणं नव्हे.

दोघांचंही मत असं पडायला हवं की आजार तीव्र आहे आणि पुढच्या तीनपैकी निदान एक गोष्ट अलीकडे घडली आहे. त्याने स्वतःला इजा करायची धमकी दिली किंवा प्रयत्न केला. दुसऱ्याशी हिंसक वागला किंवा समोरच्याला मार बसेल अशी भीती वाटली. किंवा स्वतःची काळजी इतकीही घेता येत नाही की त्याला अपाय होण्याचा धोका आहे. शिवाय याहून कमी बंधनाचा दुसरा मार्ग उरलेला नसावा आणि स्वतः निर्णय घेण्यासाठी त्याला फार मोठ्या आधाराची गरज असावी.

आता घरचे काय सांगतात ते बघा. 'नोकरी सोडली, दिवसभर लोळतो, आंघोळ करत नाही, उलट बोलतो.' यातलं एकही वरच्या तिनांत बसत नाही. पण त्याच घरात नीट विचारलं की निघतं: नऊ दिवस पाणी आणि पारले-जी सोडून काही खाल्लेलं नाही, विष घातलंय म्हणून. ही तिसरी अट झाली. म्हणून एक वही ठेवा आणि तारखेसह घडलेलं लिहा. 'खूप त्रास देतो' या वाक्याचा डॉक्टरला काही उपयोग नसतो. 'मंगळवारी रात्री गॅसचा नॉब उघडून बसला' याचा होतो.

मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. स्त्री रुग्ण असेल तर तीन दिवसांत आणि पुरुष असेल तर सात दिवसांत रुग्णालयाने पुनर्विलोकन मंडळाला (त्यात कोण, ते प्रश्न ८ मध्ये) कळवायचं असतं. उपचारांसाठी जवळजवळ पूर्ण आधार लागत असेल तर प्रतिनिधी तात्पुरती संमती देऊ शकतो, पण दर सात दिवसांनी कपॅसिटी पुन्हा तपासून केसपेपरवर नोंदवावी लागते. ती नोंद आहे का, हे विचारायला लाजू नका.

८. यासाठी कोर्टाची ऑर्डर लागते ना? मामा सांगतात पूर्वी मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे.

मामांचं पूर्वीचं बरोबर आहे. १९१२ चा कायदा आणि नंतर १९८७ चा, दोन्हींत मॅजिस्ट्रेटचा हुकूम ही मोठी गोष्ट होती. आता घरच्यांनी आणलेल्या रुग्णासाठी कोर्ट लागत नाही, मंडळ लागतं. मंडळात जिल्हा न्यायाधीश पातळीवरचे अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि दोन जण रुग्ण, शुभंकर किंवा संस्थांपैकी असतात. ज्याने भोगलंय त्याला न्यायाच्या टेबलावर खुर्ची, हे मला फार आवडतं. या कायद्याच्या मसुद्याला पुण्याचाही हात लागलाय: लॉ कॉलेज रस्त्यावरच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र त्यात होतं. मॅजिस्ट्रेट आजही कुठे लागतात, ते प्रश्न १३ मध्ये.

९. नामनिर्देशित प्रतिनिधी कोण? बायको की आई? दोघींचं पटत नाही.

रुग्ण ज्याचं नाव लिहून देईल तो. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा. स्टॅम्पपेपर नको, नोटरी नको. मित्र चालतो, शेजारीण चालते. वय १८ पूर्ण हवं आणि काम करायची लेखी तयारी हवी. नाव केव्हाही बदलता येतं.

नाव दिलेलं नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारा, मग मंडळाने नेमलेली व्यक्ती, असा क्रम आहे. बायको आधी की आई, हे कायदा सांगत नाही. तेव्हा भांडण रुग्णालयाच्या काउंटरवर न्यायचं नसेल तर माणूस बरा असताना त्याच्याकडूनच नाव लिहून घ्या. बरा असताना. हे सगळे ऐकतात आणि कोणी करत नाही.

१०. ३० दिवस झाले, अजून बरा नाही. पुढे?

तीन शक्यता. कपॅसिटी परत आली असेल तर तो स्वतःच्या सहीने स्वतंत्र रुग्ण म्हणून राहू शकतो. अटी उरल्या नसतील तर घरी. आणि अटी अजून लागू असतील तर कलम ९०. तिथे दोन्ही तपासणारे मनोविकारतज्ज्ञच हवेत, आणि मंडळाने २१ दिवसांत मान्यता द्यायची किंवा सोडायला सांगायचं. पहिली वाढ ९० दिवसांपर्यंत, दुसरी १२०, त्यापुढे दर वेळी १८० दिवसांपर्यंत. यात कपॅसिटी दर पंधरवड्याला तपासायची.

एक पळवाट बंद आहे: डिस्चार्ज दाखवून दुसऱ्या दिवशी परत ८९ खाली घेता येत नाही. सात दिवसांच्या आत पुन्हा ठेवायचं तर ९० खालीच.

११. स्वतःहून दाखल झाला, आता घरी जायचं म्हणतो. डॉक्टर 'उद्या बघू' म्हणतात.

स्वतंत्र रुग्णाने मागितलं की सोडायचं, हा नियम. अपवाद एकच: प्रकृती बिघडून कलम ८९ च्या अटी लागू होताहेत असं वाटलं तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. त्या २४ तासांत एक तर सहाय्यित प्रवेश, नाहीतर डिस्चार्ज. 'बिल भरा मग बघू' हे त्यात कुठेच नाही.

सहाय्यित रुग्णाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला प्रवेश मान्य नसेल तर मंडळाकडे अर्ज करता येतो. ८९ खालचा अर्ज मंडळाने सात दिवसांत निकाली काढायचा असतो, ९० खालचा २१ दिवसांत. मंडळाचा पत्ता आणि फोन रुग्णालयात ठळक लावलेला असायला हवा. लावलेला नसेल तर तीच तुमची पहिली तक्रार.

१२. रात्री दोन वाजता घरात तोडफोड चालू आहे. इतके कागद कोण करणार?

कोणी नाही. अशा वेळेसाठी कलम ९४ आहे. जिवाला किंवा प्रकृतीला मोठा धोका, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा, किंवा आजारामुळे मालमत्तेचं मोठं नुकसान टाळायचं असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, तातडीचे उपचार देऊ शकतो. जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात पोचवणंही त्यात धरलेलं आहे. मुदत ७२ तास. प्रतिनिधी तिथे असेल तर त्याची संमती घ्यायची. शॉक ट्रीटमेंट या कलमाखाली देता येत नाही.

रुग्णवाहिकेला १०८, अंगावर येत असेल तर ११२. फोनवर 'वेडा झालाय' म्हणू नका. 'मानसिक रुग्ण आहे, हातात सुरी आहे, घरात दोन म्हातारी माणसं आहेत' असं सांगा.

१३. स्वारगेटला एक माणूस आठवडाभर फिरतोय, अंगावर कपडे नाहीत. पोलीस म्हणतात आमचं काम नाही.

त्यांचंच काम आहे. कलम १०० प्रमाणे भटकणारा माणूस आजारी असून स्वतःला सांभाळू शकत नाही, किंवा त्याच्यामुळे धोका आहे असं दिसलं तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर बेपत्ता व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. कलम क्रमांकासह शांतपणे सांगितलं की बहुतेक ठाणे अंमलदार ऐकतात.

आणि कोणाला घरातच कोंडून, उपाशी ठेवलंय असं कळलं तर कलम १०१ आणि १०२: पोलीस मॅजिस्ट्रेटला कळवतात आणि मॅजिस्ट्रेट दहा दिवसांपर्यंत दाखल करायला सांगू शकतात. हे शेजाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

१४. मुलगी सोळा वर्षांची आहे.

अर्ज पालक करतात. दोघांनी केलेली स्वतंत्र तपासणी इथेही लागते आणि मंडळाला ७२ तासांत कळवायचं असतं. मोठ्यांच्या वॉर्डात ठेवायचं नाही. पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायला हवं. मुलगी असेल तर स्त्रीच.

१५. नवरा रोज पितो. व्यसनमुक्तीवाले गाडी पाठवून उचलून नेतात म्हणे. नेऊ का?

दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे प्रश्न ६ आणि ७ चे नियम तुमच्या नवऱ्यालाही लागू. चार जण पाठवून, हात बांधून, सहा महिने ठेवणारं केंद्र कोणत्या कलमाखाली ठेवतं, ते लेखी मागा. नोंदणीचं प्रमाणपत्रही मागा. आमच्या गटातल्या एका वहिनींनी अशा एका केंद्राला पैसे भरले. नवरा परत आला तो डोक्याचा गोटा करून आणि दातांत फट घेऊन. सक्तीने मुंडण करायला कायद्यात स्पष्ट मनाई आहे.

पुण्याला यातली चांगली वाट नवी नाही. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात.

१६. मतिमंद मुलगा आणि स्मृतिभ्रंश झालेली आजी, यांना हाच कायदा?

आजीला हो, स्मरणशक्तीचा आणि भान हरपण्याचा विकार व्याख्येत आहे. मुलाला नाही, बौद्धिक अक्षमता या व्याख्येतून वगळलेली आहे. त्याच्या पालकत्वासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा बघा. मात्र त्याच मुलाला वेगळा मानसिक आजार झाला, भास होऊ लागले, तर त्या आजारापुरता हा कायदा लागू होतो.

१७. शॉक देतात का? बांधून ठेवतात का?

भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं बेकायदा आहे. नीट दिलेल्या शॉकने न जेवणारा, न बोलणारा माणूस उठून बसलेला मी पाहिलाय, तेव्हा शब्दाला घाबरू नका. १८ वर्षांखालच्यांना मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय देत नाहीत. साखळीने बांधायला पूर्ण बंदी, एकांतकोठडीला बंदी. तत्काळ इजा टाळायचा दुसरा उपायच नसेल तेवढ्यापुरतं धरून किंवा बांधून ठेवता येतं, आणि ते प्रतिनिधीला २४ तासांत कळवायला हवं.

१८. गोळी घेतच नाही. वरणात घालून देऊ का?

संमतीशिवाय उपचार करायचे मार्ग प्रश्न ७ आणि १२ मध्ये आले, स्वयंपाकघर त्यात नाही. डॉक्टरने असं लिहून द्यावं असा हट्ट धरू नका. आमच्या आईने दोन महिने थेंब वरणात घातले. एकदा बाटली ओट्यावर राहिली. त्यानंतर तो घरचं वरण खात नाही, आज अकरा वर्षं झाली. विष घालतात हा त्याचा भ्रम होता, आणि आम्ही तो खरा केला. महिन्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन असतं. त्याबद्दल डॉक्टरांशी आणि त्याच्याशी उघड बोला.

१९. आत्महत्येचा प्रयत्न केला. गुन्हा दाखल होईल का?

कलम ११५ असं धरून चालतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता, त्यामुळे उलटं सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा नाही. सरकारने त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र तिथे वेगळा गुन्हा आहे. केसची भीती धरून घरी मीठपाणी पाजत बसू नका, आधी रुग्णालय गाठा.

२०. मेडिक्लेम मिळतो का?

कलम २१ प्रमाणे शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायला हवा. पॉलिसीत कोणत्याच आजाराची ओपीडी नसेल तर याचीही नसेल. नाकारलं तर कारण लेखी घ्या.

२१. येरवड्याला ठेवलं की शिक्का बसतो. सून घटस्फोटाच्या केसमध्ये तेच कागद काढेल.

पुण्यात 'येरवड्याला गेला' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कुठल्या? तुरुंग की दवाखाना? शिक्का आपल्या जिभेवरच असतो. कागद मात्र गोपनीय आहेत. रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागायचा हक्क आहे, तिऱ्हाइताला त्या तशा देता येत नाहीत, फोटोही छापता येत नाही. न्यायालयात कोणी मानसिक आजाराचा पुरावा दिला आणि समोरच्याने हरकत घेतली, तर कलम १०५ प्रमाणे न्यायालयाने ती बाब मंडळाकडे तपासायला पाठवायची असते. आणि घटस्फोटाला नुसतं निदान पुरत नाही. सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये इतका आजार असल्याचं दाखवावं लागतं.

२२. पुन्हा आजारी पडलो तर मला अमुक औषध देऊ नका, असं मी आधीच लिहून ठेवू शकतो का?

हा प्रश्न माझ्या भावाचा. हो. १८ वर्षांवरचं कोणीही, आजारी असो वा नसो, आगाऊ निर्देश करू शकतं: कसे उपचार हवेत, कसे नकोत, प्रतिनिधी कोण. तो लेखी करून मंडळाकडे नोंदवायचा. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, आणि तो मान्य नसेल तर डॉक्टर किंवा घरचे मंडळाकडे जाऊ शकतात.

त्याने स्वतःचा लिहिला आहे. प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलंय. खाली एक ओळ स्वतःच्या मनाची जोडली आहे, जिला कायद्यात काही जागा नाही: 'जेवण कँटीनचं चालेल.'